कांचनबाबांचा सोनगूळ

"झाला! झाला! पिवळा झाला!"

कल्याणकाकाच्या गुऱ्हाळावर अशी आरोळी उठली की शेजारच्या उसातले बगळे उडाले. काहिलीभोवती ही गर्दी! पुढे बायका, मागे पुरुष, त्यांच्या मागे मोबाईल उंच धरलेले हात आणि चिपाडांच्या ढिगावर चढलेली पोरं. देवळाली प्रवऱ्याहून मोटारसायकली आल्या होत्या, राहुरीकडून एक टेम्पो भरून आला होता. मधोमध, उकळत्या रसाच्या वाफेत, भगवं उपरणं पांघरून उभे होते श्री श्री कांचनबाबा. एका हातात तांब्याचा कमंडलू, दुसऱ्या हाताची चिमूट वर उचललेली. घटकेपूर्वी काहिलीतला रस कडक चहासारखा काळपट तांबडा खदखदत होता. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, कमंडलूतलं पांढरं भस्म भुरभुरलं. गुळव्याने फावडीने ढवळलं न ढवळलं तोच रस पिवळाधमक. हळद लागलेल्या नवरीसारखा.

"काळं ते पाप, पिवळं ते पुण्य!" बाबा गरजले. "पातकी माणसाच्या उसाला पातकी रंग. भस्म पडलं, पातक जळलं, कांचन उरलं! बोला!"

काय बोलायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"माज्या डोळ्यानं बघितलं गं बाई," शेजारच्या बनुबाई मला कोपराने ढोसत म्हणाल्या. "आता तरी मानशील का न्हाई, पंकजा?"

मी मानलं नाही. पण बोललेही नाही, कारण माझ्या पलीकडे आई उभी होती आणि तिचे हात जोडलेले होते.

माझ्या आईला दमा आहे. लग्नाआधीपासूनचा. उसाचं पाचट पेटवलं की तिला धाप लागते, गहू वाळवले की धाप लागते. राहुरीच्या डॉक्टरांनी तिला निळा पंप दिलेला आहे. तो ओढला की थोड्या वेळात छाती मोकळी होते. आता यात लाजण्यासारखं काय आहे, सांगा? चष्म्याला कोणी लाजतं का? पण आमच्या वस्तीवर पंप म्हणजे जणू दारूची बाटली. "रुपालीला पंपाची सवय लागलीय," असं बायका कुजबुजायच्या. म्हणून आई पंप ओढायची तो न्हाणीघरात जाऊन, दार लावून.

बाबांनी तिला पहिल्याच दिवशी गर्दीतून हेरलं. छातीतून शिट्टी वाजणारी बाई हेरायला दिव्यदृष्टी लागत नाही, दोन कान पुरतात.

"माते, तुझ्या छातीत काळा गूळ साठलाय!"

"व्हय महाराज," आई म्हणाली. तिला रडूच आलं.

"रोज पहाटे अनशापोटी सोनगुळाचा एक खडा. आणि ते यंत्र या परातीत टाक. यंत्र आणि मंत्र एका देहात नांदत नाहीत!"

बाबांच्या पायाशी एक मोठी परात होती. तिचं नाव त्यागाची परात. तिच्यात लोकांनी त्यागलेली औषधं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या, एक कानाचं मशीन आणि शुगरच्या गोळ्यांची पाकिटं तर ढिगाने. शुगरच्या गोळ्या काढून घेऊन हातावर गूळ ठेवणारा असा वैद्य जगात दुसरा झाला नसेल. आईचा निळा पंप त्या ढिगात पडला आणि तिने शपथ घेतली की पुन्हा पंपाला हात लावणार नाही.

घरी आल्यावर मी पप्पांच्या मागे लागले. माझे पप्पा, सूर्यभान. माणूस चांगला, फक्त भांडणाला भितो.

"पप्पा, तिला पंप दुसरा आणून द्या."

"अगं, बघू की थोडे दिवस. गूळच तर हाय. गुळानं कोन मेलंय?"

गूळच तर हाय! या तीन शब्दांनी आमच्या अख्ख्या पंचक्रोशीची अक्कल गहाण टाकली होती. बाबांनी गोळी दिली असती तर लोकांनी विचारलं असतं, कसली गोळी? अंगारा खायला दिला असता तरी कुणीतरी वास घेतला असता. पण उसाच्या मुलखात गुळावर कोण संशय घेणार? उन्हातून आलेल्या पाव्हण्याला आम्ही गूळपाणी देतो, बाळंतिणीला गूळ देतो, बैलाला पोळ्याला गूळ भरवतो. त्यात काळा गूळ म्हणजे गरिबाचा, पिवळा गूळ म्हणजे पाव्हण्यारावळ्यांत मिरवायचा, हे आमच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. बाबांनी नवीन काही शिकवलं नव्हतं. आमच्याच वेडेपणाला भगवं नेसवून आमच्यापुढे उभं केलं होतं.

आई पहाटे खडा खायची आणि सूर्य वर येईपर्यंत तिची छाती वाजायला लागायची. आधी नुसती शिट्टी, मग बाजाची पेटी. जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. भाकरी थापताना हात थांबवून श्वास गोळा करायला लागली. एकदा ती मला हाक मारायला गेली आणि "पंक" एवढंच आलं, "जा" आलंच नाही. ते मी विसरणार नाही.

आम्ही बाबांकडे गेलो तर ते खूश!

"वा! रोग बाहेर पडतोय. बाहेर पडताना दार वाजवणारच!"

"आणि दार मोडलं तर?" मी विचारलं.

"कोण ही बालिका?" बाबांनी एक डोळा उघडला.

"नववीत हाय, महाराज," पप्पा घाईने म्हणाले. "लई बोलते."

"विद्या वाढली की श्रद्धा घटते," बाबा म्हणाले आणि डोळा मिटला. आजवर माझं कुणी केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक आहे.

संक्रांत जवळ आली. तिळगुळासाठी आईने सोनगुळाचा डबा उघडला आणि किंचाळलीच. वरची ढेप काळपट पडली होती.

"माजंच पाप परत आलं गं," ती भिंतीला टेकून म्हणाली.

बनुबाईंच्या घरीही तेच झालं होतं, शेजारच्या दोन-तीन घरांतही. बाबांकडे उत्तर तयार होतं: पाप परतलं, नवा सोनगूळ न्या. किती सोयीचं बघा! गूळ पिवळा राहिला तर बाबांचा प्रताप, काळा पडला तर तुमचं पाप. छापा पडला तर ते जिंकले, काटा पडला तर तुम्ही हरलात.

मी ती ढेप पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडली. आतून पिवळी! पापाची नुसती साल, आतला गर पुण्याचा. तो तुकडा मी डब्यात घालून शाळेत नेला आणि आमच्या सायन्सच्या सरवरी मॅडमना दाखवला. मॅडम कधी सरळ उत्तर देत नाहीत. त्यांनी तुकडा उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "बाहेरून काळा, आतून पिवळा. जे बाहेर आहे आणि आत नाही, असं काय असतं गं?"

"हवा!" मी ओरडले.

"मग हवेने जे परत काळं होतं, ते आधी कशाने पिवळं झालं? जा, शोध."

माझ्या बाकावर अर्शी बसते. तिने तुकडा नाकाला लावला, मग पुन्हा लावला.

"पंके, हा वास आमच्या दुकानातला आहे."

अर्शीच्या अब्बांचं, दाऊदचाचांचं, देवळालीच्या बाजारात कापड रंगवायचं दुकान आहे. जुन्या साडीला नवा रंग द्यायचा तर आधी जुना उतरवावा लागतो. त्यासाठी ते कढत पाण्यात एक पांढरी पावडर टाकतात. नाव हायड्रोस. काडेपेटीची काडी विझल्यावर येतो तसला वास.

"साडीचा रंग काढायची पावडर? गुळात?" मी म्हटलं.

"रंग काय, साडीचा असो नाहीतर रसाचा," अर्शी म्हणाली. "हायड्रोसला काय, दिसला रंग की खाल्ला."

दुसऱ्या दिवशी ती कागदाच्या पुडीत चिमूटभर घेऊन आली, दाऊदचाचांना विचारून. त्यांनी पुडीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "खायचं नाही". आई मावशीकडे गेल्यावर आम्ही परसात चूल पेटवली, नाकाला ओढण्या बांधल्या, काळ्या गुळाचा पाक उकळला आणि चिमूट सोडली. पाक पिवळाधमक!

"अय्यो, मंत्र म्हणायचा राहिला की," अर्शी म्हणाली.

"तरी झाला!"

आम्ही दोघी चुलीभोवती नाचलो. मग मी धावत जाऊन पप्पांना ओढून आणलं. पप्पांनी पाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणावं त्यांनी?

"तुज्यात बी थोडं पुन्य असंल, बाळा."

मी डोक्याला हात लावला. अर्शी मात्र विचार करत होती.

"काका," ती म्हणाली, "पुण्याने पाप जळतं, मान्य. पण मग ते भस्म भगव्या रंगाला काही करणार नाही ना? भगव्यात तर पाप नसतं."

"न्हाई, भगव्यात कुठलं पाप," पप्पा म्हणाले.

अर्शीने माझ्याकडे बघितलं. मी अर्शीकडे बघितलं. दोघींच्या डोळ्यांसमोर एकच उपरणं तरंगत होतं.

संक्रांतीआधीच्या रविवारी गुऱ्हाळावर जत्रा भरली. बाबांनी आईला मुद्दाम काहिलीच्या कडेला उभं केलं. "आज शेवटचा रोग निघणार! वाफ घे, माते, खोल घे!" पप्पा माझ्यापासून लांब, पुरुषांत होते. मी आईचा पदर धरून मागे ओढत होते, पण ती हलेना.

भस्म पडलं. रस पिवळा झाला. टाळ्या झाल्या. आणि काहिलीतून ती विझलेल्या काडीची वाफ उठली ती थेट आईच्या तोंडावर.

आईने एक श्वास घेतला आणि दुसरा तिला सापडेना. तिचे खांदे वर जायचे आणि खाली यायचेच नाहीत. मान ताणली, ओठ निळसर. ती गुडघ्यावर बसली.

"हात लावू नका!" बाबा ओरडले. "रोग निघतोय!"

आणि लोक खरंच थांबले हो! एवढी माणसं, रोज पहिलवानासारखी ऊस उचलणारी, एका उपरण्याच्या धाकाने दगडासारखी उभी राहिली.

मी त्यागाच्या परातीत दोन्ही हात घातले. गोळ्या उडाल्या, बाटल्या उलटल्या. निळा पंप मिळाला. हलवला, टोपण काढलं. "आई, मला शपथ लागू दे. ओढ!" अर्शीने तिला मागून धरलं होतं. एक दाब. श्वास. पुन्हा एक. तेवढ्यात पप्पा गर्दी फोडून आले, त्यांनी आईला उचललं आणि वाफेपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला, बाभळीखाली नेऊन बसवलं. मी पंप देत राहिले. हळूहळू तिचे खांदे खाली आले. तिने माझा हात दाबला.

"कल्याण, टेम्पो काढ! दवाखान्यात न्यायचंय!" पप्पा ओरडले. भांडणाला भिणारा माणूस असा ओरडला की गुळव्याच्या हातातली फावडी पडली.

आणि मागून आवाज आला, "बघितलंत? भस्माच्या कृपेने माता वाचली!"

माझं डोकंच फिरलं. गर्दीसुद्धा "वाचली, वाचली" म्हणत हात जोडायला लागली होती. मी आईकडे बघितलं. तिला बोलता येत नव्हतं धड, तरी ती बोलली.

"कर," ती म्हणाली. "काय करायचंय ते कर."

टेम्पो मागे वळत होता तेवढ्यात मी चुलाणावरच्या कढत पाण्याची बादली ओढली आणि बाबांच्या हातातला कमंडलू हिसकला.

"बाबा, हे भस्म पाप जाळतं ना?"

"अवश्य! पण कमंडलू..."

"भगव्यात पाप असतं का?"

"शिव शिव! भगवं म्हणजे साक्षात अग्नी!"

"मग तुमचं उपरणं द्या. या भस्माच्या पाण्यात बुडवते."

बाबांनी उपरणं दोन्ही मुठींनी घट्ट धरलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हे गुरूंचं आहे. याला कोणी स्पर्श करत नाही."

आणि इथे मला ज्यांची मदत मिळाली ती कुणाची, सांगू? बनुबाईंची! त्यांना बिचाऱ्यांना वाटलं आता उपरणं सोन्याचं होणार.

"अवो महाराज, द्या की! आमाला बी बघू द्या चमत्कार!" असं म्हणत त्यांनी मागून उपरणं सर्रकन ओढलं आणि माझ्या हातात कोंबलं. "बुडीव गं पोरी!"

मी अख्खा कमंडलू बादलीत उलटा केला, उपरणं आत सोडलं आणि काठीने ढवळलं. सगळे वाकले. भगवं आधी नारिंगी झालं, मग पिकल्या पेरूसारखं, मग ताकासारखं. मी ते काठीवर उचलून धरलं. पांढरंफटक! टोकाला कुठे गाठ होती तिथे तेवढा एक भगवा ठिपका उरला होता.

काहिलीतला गूळ तेवढा बुडबुडत होता.

"महाराज," बनुबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्या उपरन्यात बी लई पाप हुतं की वो."

असा हशा पिकला! आणि बाबा? हिमालयात म्हणे बारा वर्षं तप केलेले, शुद्ध मराठीखेरीज न बोलणारे कांचनबाबा एकदम ओरडले, "अयं पोरी, ठिव ते खाली! न्हाईतर हात मोडीन!"

हिमालय दोन वाक्यांत वितळला.

"हे हायड्रोस आहे," अर्शी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या दुकानात या, डबा दाखवते. अब्बा त्याने साड्यांचे रंग उतरवतात. पण ते साडीला पापी म्हणत नाहीत."

लोक त्यागाच्या परातीकडे धावले. जो तो आपापल्या गोळ्या शोधू लागला. त्या गडबडीत बाबा उसात शिरले. उसाच्या पाल्याने उघड्या अंगाचं काय होतं ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांचं "अगं आई गं" बांधापर्यंत ऐकू येत होतं. पुढे पप्पांनी स्वतः पोलिसांत तक्रार दिली. कल्याणकाका म्हणत राहिला, "मला वाटलं भस्मच हाय." जन्म गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला हायड्रोसचा वास ओळखू येत नाही, हे तुम्हाला पटत असेल तर पटो. मला पटत नाही.

त्याच टेम्पोने आईला राहुरीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिला मशीनमधून औषधाची वाफ दिली आणि पप्पांना चांगलं झापलं. मी त्यांना सगळं खोदून खोदून विचारलं. हायड्रोसने गुळात गंधकाचा अंश उरतो. तो किती चालेल याची मर्यादा कायद्याने ठरवलेली आहे, आणि ती फार थोडी आहे. बऱ्याच जणांना तेवढ्याने काही होत नाही. पण दमेकऱ्यांतल्या काहींच्या नळ्या त्यानेच आवळतात. आणि बाबा तर मूठमूठ टाकत होते, वर त्याचीच वाफ दमेकरी बाईला ओढायला लावत होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे केमिकल वाईट आणि देशी ते चांगलं. थांबा! तोही एक बाबाच आहे, फक्त त्याला उपरणं नाही. आमच्याकडे जुने गुळवे रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकतात. भेंडी चांगली ती देशी आहे म्हणून नाही. तिच्या चिकट रसाला रसातला केरकचरा चिकटतो, मळी होऊन वर येतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. तीच भेंडी घाण पाण्यात चेचली तर तीही नको. हायड्रोसही दाऊदचाचांच्या हंड्यात गुणी आहे, साडीला त्याने दमा होत नाही. फरक कामाचा आहे. भेंडी मळ काढते. हायड्रोस मळ तिथेच ठेवतं आणि तुमच्या डोळ्यांना फसवतं. भेंडीचा गूळ तांबूस होतो, सोन्यासारखा कधीच होत नाही. आणि का व्हावा? तो गूळ आहे, बांगडी नाही!

म्हणून माझं एवढंच ऐका. कोणीही काही खायला दिलं, मग तो बाबा असो, दुकानदार असो नाहीतर डॉक्टर, तर विचारा: याचं नाव काय? हे कशासाठी? किती घ्यायचं? कुणी घ्यायचं नाही? डॉक्टर सांगतात, दाऊदचाचा पुडीवर लिहून देतात. जो नाव सांगायच्या ऐवजी डोळे मिटतो, त्याचं काही तोंडात घालू नका.

यंदा संक्रांतीला आमचे लाडू साध्या काळ्या गुळाचे, म्हणून काळेकुट्ट झाले. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ताटाकडे बघून जरा थबकल्या. आईने सगळ्यांसमोर, बैठकीच्या मधोमध बसून, निळा पंप काढला, हलवला आणि ओढला. न्हाणीघरात गेली नाही, दार लावलं नाही. मग तिने बनुबाईंच्या हातावर लाडू ठेवला.

बनुबाईंनी तो नाकाशी नेला आणि विचारलं, "ह्यात काय काय घातलंय गं, रुपाली?"

आई हसली आणि एका दमात सगळं सांगितलं.